गिटार नसलेलं गाणं

चिकूचा वास आला की मला चिखले गावच्या मैत्रिणीच्या चिकूवाडीतली एक दुपार आठवते. आमच्या आवडत्या रॉक बँडचा नवा अल्बम त्या दिवशी येणार होता आणि त्यांनी गिटार सोडली, असं सगळे म्हणत होते. “तसं असेल तर माझ्यासाठी बँड संपला,” मैत्रीण म्हणाली. मी माझ्या उधवा गावाहून कॉलेजात आल्यावर आमची मैत्री या बँडवरूनच जमली होती. तो संपला तर आम्ही बोलणार कशावर? तिच्या आईबरोबर आम्ही चिकू धूत होतो. आवाज मोठा यावा म्हणून फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला होता. गाणं सुरू झालं. खरंच गिटार नव्हती, नुसता संथ, जड ठेका. मैत्रिणीचं तोंड पडलं. मला ते आवडलं होतं, पण सांगायचा धीर होईना. तेवढ्यात तिची आई म्हणाली, “आज तुमची बँडवाली पोरं किंचाळत नाहीत ती? बरी आहेत ना?” तिचे हात मात्र त्याच ठेक्यावर चिकू चोळत होते. मी हळूच म्हणाले, “मला आवडलं गं.” मैत्रीण माझ्याकडे, मग आईच्या हातांकडे बघत राहिली. “परत लाव,” ती म्हणाली, “नीट ऐकू दे.” आता पुन्हा त्यांचा नवा अल्बम येतोय. कसा असेल, माहीत नाही. पातेलं मात्र मैत्रिणीने आत्ताच घासून ठेवलंय.