कोपऱ्यातलं घड्याळ

धाटावच्या कंपनीत मी कंप्युटर सांभाळतो. गेटवरच्या हजेरीच्या मशीनपासून साहेबांच्या कंप्युटरपर्यंत सगळ्यांनी एकाच सर्व्हरची वेळ पाळायची, हा माझा हट्ट. एखादं घड्याळ जरा मागे पडलं तरी माझं डोकं फिरतं. दुसऱ्यांच्या घरातही फिरतं, हीच माझी खोड.

रोह्यात आमच्या भिंतीला लागून चाची एकटी राहते. तिचा मुलगा दुबईला असतो. कामावर फोन नेऊ देत नाहीत, म्हणून शुक्रवारी नमाजानंतरच्या सुट्टीत तो कंप्युटरवर व्हिडिओ कॉल करतो. त्यावर चाचीचा आठवडा निघतो.

कंप्युटरचा आवाज गेला म्हणून तिने मला बोलावलं. आवाज मी खणखणीत करून दिला. मग नजर गेली पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. नेमकं दीड तास मागे! नेटवरून वेळ जुळवायचं बटण कोणीतरी बंद केलं होतं. कोणी आणि का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. बटण चालू केलं, वेळ जुळवली आणि वर चाचीला ऐकवलं, "आता हे कधीच चुकणार नाही." ती स्वयंपाकघरात माझ्यासाठी चहा टाकत होती. तिने नुसतं "बरं" म्हटलं.

शुक्रवारी माझी साप्ताहिक सुट्टी; दुपारी मी घरी आडवा झालो होतो. भिंतीपलीकडे कंप्युटर वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजला. "अरे, उचला की कोणीतरी!" मी वैतागून कूस बदलली.

चाचीच्या घराला कुलूप होतं, हे मला नंतर कळलं. चाची कोपऱ्यातली वेळ बघून कधीची कॉलची वाट बघत बसली होती. कॉल येईना, तेव्हा पोराला काही झालं की काय म्हणून घाबरीघुबरी होऊन एसटीने पेणला भावाकडे गेली. भावाचाही मुलगा दुबईलाच असतो, त्याच्याकडून खबर मिळेल म्हणून. साधा फोनसुद्धा घरीच विसरली.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा सगळा उलगडा झाला. दुबईला जाताना मुलानेच ते घड्याळ दुबईच्या वेळेवर ठेवलं होतं. "कोपऱ्यातला घड्याळ त्याचा हाय रे," चाची म्हणाली. "पन तुझा काय चुकला नाय. मीच सांगाया पायजे व्हता."

दीड तासाचा फरक म्हणजे दुबई, हे मला कळू नये? मी घड्याळ पुन्हा मागे केलं आणि बटण बंद केलं.

पुढच्या शुक्रवारी चाचीने मला मुद्दाम बोलावून शेजारी बसवलं. मुलगा पडद्यावर आला तो चिडलेलाच. "अम्मी, मागच्या वेळी किती वेळ वाजवत होतो! कुठे होतीस?"

"डोळा लागला रे माझा," चाची म्हणाली आणि कंप्युटरचा आवाज मी नीट करून दिल्याचं त्याला सांगितलं.

"आणि ह्यांनी आवाज नीट केला, तरी ऐकू नाय आला?" मग माझ्याकडे बघून तो हसला. "थँक्यू हां, दादा. तुम्ही हाव म्हणून आमाला काळजी नाय."

चाचीने टेबलाखाली माझा हात दाबला. मी नुसती मान हलवली.