अगस्त्य, एक मूठ वर

ग्वाल्हेरच्या थंडीत बाबांचा दमा उसळतो. नुसता कोहरा असता तर निभलं असतं. त्यात शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर मिसळतो आणि सगळं जमिनीलगत अडकून राहतं. या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांना समुद्राकडे पाठवायला सांगितलं. ताई देवगडला असते. बाबा डिसेंबरात तिच्याकडे गेले आणि पोहोचल्याच्या संध्याकाळपासूनच परत कधी यायचं ते विचारू लागले.

हवा निवळली की, असं डॉक्टरांचं उत्तर होतं. ती निवळली हे ओळखायचं माप बाबांनी स्वतःच दिलं. जानेवारी सरत आला की थाटीपुरच्या आमच्या गच्चीवरून, रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, दक्षिणेला अगस्त्य दिसतो. व्याधाच्या जवळजवळ सरळ खाली. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून एक मूठ वर. धुराचा थर तेवढ्यातच असतो. तारा त्यातून दिसला तर हवा श्वास घेण्याजोगी झाली. हे पाहूनच बाबा दर वर्षी सकाळचं फिरणं पुन्हा सुरू करत. डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग रोज फोनवर दोन्हीकडची खबर. आधी त्यांची. पहाटे कौलांवरून ठिबकेल इतकं दव. सकाळी वारा जमिनीकडून, दुपार व्हायच्या आत तो फिरून समुद्राचा. एकदा ढग आले. आंब्याच्या कलमांना मोहोर होता, त्यामुळे त्या दिवशी ताईच्या घरी कोणी धड बोललं नाही. रात्री होड्यांचे दिवे, आणि खाडीवर अगस्त्य, दोन मुठी वर.

"तिथे दोन कशा?" मी विचारलं.

"आपण दक्षिणेला सरकलो की तो वर चढतो. एवढं तर शिकवलं होतं रे तुला."

मग माझी खबर. वर्तमानपत्रात हवामानाची चौकट मी बरीच वर्षं सांभाळली होती. त्याच सवयीने सांगत असे. कोहरा सकाळी उशिरापर्यंत. ऊन फिकट. अगस्त्य दिसला नाही.

फेब्रुवारी लागला तरी शेवटचं वाक्य बदललं नाही. ताईने एकदा फोन घेतला. "दिसू दे रे त्यांचा तो तारा एकदाचा. आल्यागेल्याला विचारतात, तुमच्याकडे कोहरा कसा नाही. इथे कोणाला कळतंय कोहरा म्हणजे काय?"

"त्यांना सांग, धुकं म्हणा."

"सांगितलं. म्हणाले, धुकं वेगळं आणि आमचा कोहरा वेगळा."

बाबांचा आवाज मात्र उतरत चालला होता. "इथे सगळं चांगलं आहे," ते एकदा म्हणाले. "पण मी पाहुणा आहे."

त्यानंतरच्या संध्याकाळी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

"व्याध दिसतो?"

"स्वच्छ."

"त्याच्या खालचे तिन्ही तारे?"

"तेही."

"आणि अगस्त्य नाही? अरे, व्याधानंतर सगळ्यात तेजस्वी तारा तो. असा साफ पुसला नाही जात. दक्षिणेला खाली काय दिसतं?"

"समोरच्यांची टाकी."

"कसली टाकी?"

"पाण्याची. तुम्ही गेल्यावर त्यांनी वर एक मजला चढवला. त्यावर टाकी."

"शाबास," बाबा म्हणाले. "हवामानाची चौकट सांभाळत होतास ना तू?"

मजला चढताना मी रोज पाहत होतो. आवाजाची तक्रारही केली होती. पण तो आकाशात कुठपर्यंत पोहोचला, हा प्रश्न डोक्यात आला नव्हता.

मी रस्ता ओलांडून समोरच्यांकडे गेलो. घरमालकांनीच मला वर नेलं.

"ढूँढ क्या रहे हैं, भाईसाहब?"

"एक तारा. आपकी टंकी के पीछे है."

"टंकी का तो नक्शा पास है," ते घाईने म्हणाले.

टाकीला वळसा घातला आणि खाली एक पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला. मधूनच तांबूस होत होता. एखाद्या मोबाइल टॉवरचा दिवाही असू शकला असता. खात्री केल्याशिवाय कळवायचं नव्हतं. कठड्याच्या सळईशी तो ठिपका जुळवला आणि दोघेही थांबलो. घरमालक आत जाऊन चहा घेऊन आले. चहा संपला तेव्हा ठिपका सळईच्या उजवीकडे सरकलेला होता.

"चल रहा है," ते म्हणाले. "मतलब तारा ही है."

तिथूनच फोन लावला.

"मूठ धर," बाबा म्हणाले.

"धरली. जरा वरच आहे."

"तुझी मूठ लहान आहे. बरोबर आहे तो." मग फोन तसाच हातात ठेवून ते ताईला म्हणाले, "माझी बॅग कुठे टाकलीस?"

ताईचा आवाज लांबून आला. "आधी जेवून घ्या."