न थरथरणारा काटा

तराजू दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना बाजारात सगळे ‘गुंजभर’ म्हणत. गुंजभर फरकापायी ते गिऱ्हाइकाला तासभर ताटकळत ठेवत, म्हणून. एकतीस वर्षे प्रयोगशाळांचे नाजूक तराजू त्यांच्याच चिमट्याखालून गेले होते. गेल्या वर्षापासून मात्र उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांना तपासण्यांत आजार सापडला नाही. मन स्थिर ठेवा, एवढे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. दुकान मेव्हण्याचे. त्याने आडपडदा न ठेवता सांगून टाकले, की महाविद्यालयाचा तराजू पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जमला नाही तर दाजींनी काउंटरवर बसावे, पगार तोच राहील. पगार तोच राहील, हेच त्यांना अधिक लागले.

म्हणून ते ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागले. शाळेच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका तो घेत; त्यांना सारे सिस्टर म्हणत. संथ हालचाली गुंजभरांना पंधरवड्यात आल्या. अडले ते त्याआधीच्या ध्यानापाशी. गुडघे किंचित वाकवून, छातीशी मोठा चेंडू धरल्यासारखे हात गोल करून, वीस मिनिटे नुसते उभे राहायचे. तिसऱ्या मिनिटाला नाकाचा शेंडा खाजे. पाचव्याला ट्यूबलाइटची गुणगुण कानात शिरे, मग कुलूप लावले की नाही ही शंका, मग सोमवार. सिस्टर म्हणाल्या होत्या, अंग हलणारच. ते थांबवू नका, कुठे हलते तेवढे पाहा. हे त्यांना गुळमुळीत वाटले. मोजता येत नाही त्यावर विसंबायचे कसे?

त्यांनी घरी मागच्या खोलीत जुना वजनकाटा मांडला आणि त्यावर उभे राहून ध्यान सुरू केले. समोरच्या तबकडीवरचा काटा थांबला की मन थांबले, असा त्यांचा आडाखा. काटा थांबेना. श्वास रोखून पाहिला, तर छाती धडधडून तो अधिकच नाचला. मग यंत्रातच थोडा दोष असावा असे वाटून, वर उभ्या उभ्याच, थरथर आवरणारा स्क्रू ते रोज पाव फेरा आवळू लागले. पत्नीने एकदा दारातून विचारले, की ध्यान चालले आहे की दुरुस्ती.

रविवारी संध्याकाळी काटा निश्चल झाला. वीस मिनिटे, केसभरही न हलता. त्यांनी पत्नीला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, क्षणभर पाहत राहिली.

“अहो, जरा खाली उतरा बघू.”

ते उतरले. काटा होता तिथेच होता.

“आता माझंही वजन तेवढंच भरेल,” ती म्हणाली आणि आत गेली.

न थरथरणारा काटा म्हणजे अडकलेला काटा, हे एकतीस वर्षे ते गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. त्यांनी स्क्रू सैल केला, पुन्हा वर चढले. काटा थरथरू लागला. ती थरथर उजव्या खांद्यातून निघत होती आणि श्वास सोडताना ओसरत होती. इतक्या दिवसांत हे त्यांनी पाहिलेच नव्हते.

सोमवारी, तराजूची दांडी ज्यावर तोलली जाते ते बारीक पाते चिमट्यात धरले, तेव्हा हात थरथरलाच. पहिल्या खेपेला ते तराजूच्या काचेच्या पेटीला लागून किणकिणले. मेव्हण्याने मान वळवली. त्यांनी हात मागे घेतला, पण आवळला नाही. श्वास सुटू दिला. तो संपता संपता, पुढचा यायच्या आत, पाते खाचेत बसले. त्यांनी कळ फिरवून अडवलेली दांडी मोकळी सोडली.

“जमलं का, दाजी?”

“पातं बसलं. पण थांब, पारडी अजून हलताहेत.”

मेव्हणा घड्याळ बघत उभा राहिला. नाक खाजत असतानाही हात न उचलता गुंजभर पारड्यांकडे पाहत राहिले.