कावळा शिवायच्या वेळी

ताटातली भाताची मूद पाहिली की मला वडिलांच्या दहाव्याची सकाळ आठवते. कऱ्हा नदीच्या काठावर पिंड ठेवला होता आणि सगळी भावकी लांब गप बसली होती. चुलत्यांनी सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले होते. माझा तेवढा चालू होता, कारण मी बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीचं शीतगृह सांभाळायचो. दुधाच्या टाकीचं तापमान वाढलं की ॲप भोंगा वाजवायचं, आणि रजेवर असलो तरी मिनिटभरात बटण दाबलं नाही तर साहेबांचा फोन यायचा. बाभळीवरून एक कावळा उतरला, मान वाकडी करत पिंडाजवळ आला आणि नेमका माझ्या खिशात भोंगा वाजला. कावळा उडाला. "बंद कर की ते!" चुलते ओरडले. मी बटण दाबलं. ऊन चढलं तरी कावळा परत आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा लागला. आई एवढंच म्हणाली, "त्यांचा जीव तुझ्यातच अडकला आसंल. धा दिवसांत दोन घास बी धड बसून खाल्लं न्हाईस." नोकरी तीच आहे. आजही जेवताना भोंगा वाजला की हात आधी खिशात जातो, आणि मग नजर दाराबाहेरच्या झाडावर.