घरची मजुरी

कापूस विकून झाला की बाबा एक वही काढत. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि तीन एकर शेत आवडीने करत. बियाणे, खत, फवारणी, वेचणाऱ्या बायांची मजुरी, गाडीभाडे असे सगळे ते सुवाच्य अक्षरात एकाखाली एक लिहीत आणि विक्रीतून वजा करत. उरे तो नफा. मी सातवी-आठवीत असेन, तेव्हा त्यांना विचारले होते, की दिवाळीच्या सुट्टीत आई, मी आणि धाकटा भाऊ रोज वेचत होतो, ते कुठे लिहिले? बाबा हसले.

"घरच्याची मजुरी कोन लिहिते, माय?"

मला ते पटले होते. आमच्या वरवट बकालात कोणीच लिहीत नसे. घरचा माणूस खर्चात धरायचा नसतो, हे आम्हाला कोणी मुद्दाम शिकवले नाही, तरी सगळ्यांना ठाऊक होते.

भाऊ गेला त्याला आता दीड वर्ष झाले. मी त्याच्याविषयी लिहायला बसले की मला ती वहीच आधी आठवते.

तो पुण्यात एका कंपनीत संगणकावरचे खेळ बनवण्याचे काम करत होता. चौतिसाव्या वर्षी नोकरी सोडून गावी आला. त्याचे मूत्रपिंड बिघडायला लागले होते. आमच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीलाही खारेच पाणी लागते, हा आजार नवा नाही. प्रत्येक गल्लीत एखादे घर असतेच. डॉक्टरांनी धावपळ कमी करा म्हटले, आणि त्याने ते असे ऐकले, की आता आपला स्वतःचा खेळ बनवायचा.

त्या खेळात खेळणारा माणूस पाणाड्या असतो. हातात निंबाची बेचक्याची फांदी घेऊन तो गावोगाव हिंडतो आणि खाली गोडे पाणी कुठे आहे ते शोधतो. फांदी थरथरली की तिथे विहीर खणायची. चुकला, तर खारे पाणी लागते आणि गावातली माणसे त्याच्याशी बोलायची हळूहळू बंद होतात. बारा गावे करायची असे ठरले होते. बारावे गाव आमचे.

असे खेळ एकट्याने करणारे लोक ते अर्धे असतानाच विकायला ठेवतात. घेणारे कमी किमतीत घेतात, काही जण दर महिन्याला वर थोडे पैसे देतात, आणि बनवणारा महिन्यामागून महिना पुढचे काम देत जातो. विकणारे संकेतस्थळ आपला हिस्सा कापून घेते. हे सगळे मला त्याने समजावून सांगितले, कारण हिशेब माझ्याकडे येणार होता. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. रकाने आखणे हे माझे रोजचे काम.

मी अंदाजपत्रक फार मन लावून केले. संगणक, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, इंटरनेट, इंग्रजी भाषांतर करून देणारी बाई, खामगावचा एक संगीतकार. गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज खेळात घ्यायचे होते. प्रत्येकाला दोनशे रुपये द्यायचे, हा भावाचा नियम. एका आजीने पैसे घेताना विचारले, "मले बोलाचे पैसे? मी तं आयुष्यभर फुकट बोलली रे बाबू." त्याने ते वाक्यही खेळात घातले आणि त्याचे तिला आणखी पन्नास दिले.

बाबांचाही आवाज घेतला, म्हाताऱ्या विहीर खणणाऱ्याचा. त्यांना दोनशे दिले नाहीत. ते घरचे होते.

आणि एक रकाना मी रिकामा ठेवला होता. तो मी त्याला दाखवला, तुझ्या कामाचे महिन्याला काय धरायचे म्हणून.

"ताई, मले काऊन मोजून राह्यली?" तो म्हणाला. "मी का सालानं ठेवलेला सालदार आहो?"

आम्ही दोघेही हसलो आणि मी तो रकाना पुसून टाकला.

त्यामुळे आमचे अंदाजपत्रक पहिल्या वर्षापासून छान दिसायचे. दर महिन्याला थोडी शिल्लक. परदेशातून पैसे यायला लागले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी मला बोलावून घेतले. ते नवे होते, तिकडे साताऱ्याकडचे.

"मॅडम, हे दर महिन्याला बाहेरून कसले पैसे येतात?"

"गेमचे."

"गेम म्हणजे रमी?"

"नाही हो. विहिरीचा आहे."

"विहिरीचा गेम?"

शेजारी फायली घेऊन उभा असलेला शिपाई म्हणाला, "साहेब, उडी माराची असन तिच्यात."

मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा भाऊ खोकला येईपर्यंत हसला. चहाच्या टपरीवरही त्याचे मित्र त्याला सोडत नसत. "काय बे, किती वर्सं हीर खंदून राह्यला? लागलं का पानी?" तो शांतपणे म्हणायचा, "लागलं ना. खारं लागलं."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डायलिसिस सुरू झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी अकोला. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परत. परत आला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला उठवत नसे. म्हणजे आठवड्यातले चार दिवस गेले, आणि राहिलेल्या तिनात तो पूर्वीइतकेच काम करू पाहायचा. पुढचा भाग महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी द्यायचा, असे त्याने अगदी सुरुवातीला लोकांना कळवले होते. तेव्हा शुक्रवार हा नुसता शुक्रवार होता.

वाचणाऱ्याला इथे वाटेल, की वार बदलायचा. मीही तेच म्हटले. तो म्हणाला, लोकांनी पैसे दिले आहेत ताई, शब्द शुक्रवारचा दिलाय. त्याच्यापुढे मी फार बोलले नाही. लोकांचे पैसे हा आमच्या घरात मोठा शब्द होता. बाबांनी शाळेच्या पैशातून कधी खडूसुद्धा घरी आणला नव्हता.

मग महिन्यातला तो एक शुक्रवार अकोल्याला जायचे राहू लागले. सोमवारी जाऊन येईन म्हणायचा, आणि कधी जायचा, कधी मंगळवारावरच भागवायचा. तिथल्या डॉक्टरीणबाई मला फोनवर रागावल्या. चार-पाच वेळा असे झाले. पाय सुजायचे. चप्पल घालता येत नाही म्हणून तो बाबांच्या जुन्या चपला घालून बसायचा आणि काम करायचा.

ह्या चार-पाच महिन्यांत माझ्या पत्रकात शिल्लक होती. हे मला लिहायचे आहे, आणि हे लिहायला मला दीड वर्ष लागले. चांगली शिल्लक होती. बाराव्या गावासाठी मी ती राखून ठेवत होते, कारण ते आमचे गाव, त्यात जास्त आवाज, जास्त घरे. तिच्यातून दुसरा प्रोग्रामर चार महिने लावता आला असता. भाऊ नुसता सांगत बसला असता आणि दुसऱ्याने केले असते. त्याच्या ओळखीत असे लोक होते. त्याने ते कधी सुचवले नाही. मलाही सुचले नाही. भाषांतराला माणूस लावायचा, संगीताला माणूस लावायचा, पण हे काम तर घरचेच होते. दर महिन्याला मी शिल्लक आणखी थोडी वाढवून त्याला दाखवायचे, आणि तो म्हणायचा, वा ताई. मला अभिमान वाटायचा.

अकरावे गाव त्याने शुक्रवारीच दिले. त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्याला श्वास घेता येईना. गाडी शेगाव ओलांडून थोडी पुढे गेली असेल. बाबा पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते आणि मागे वळून वळून "काय म्हनते तो?" असे विचारत होते. तो काही म्हणत नव्हता.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या वंदनेला त्याचे पुण्याचे मित्र आले. त्यांच्यातल्या एकाने मला विचारून खेळाच्या पानावर बातमी लिहिली. त्या महिन्यात जितकी विक्री झाली, तितकी आधी कधीच झाली नव्हती. जगभरातून लोकांनी खेळ घेतला, काहींनी किमतीपेक्षा जास्त पैसे दिले. मी ते पत्रकात भरले. जमेची रक्कम इतकी मोठी होती की रकाना रुंद करावा लागला.

लोकांनी फार चांगली पत्रे लिहिली. आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पत्राच्या शेवटी संकोचाने विचारलेले असायचे, की बारावे गाव येईल का? त्यांचे चूक नव्हते. त्यांनी बारा गावांचे पैसे दिले होते. मलाही तेच हवे होते. तो अकरावर थांबला, हे मला सहन होत नव्हते. आमचे गाव राहिले होते.

पुण्याच्या मित्राने नागपूरच्या एका प्रोग्रामरचे नाव सुचवले. त्याने फाइली पाहिल्या, आठवडा घेतला आणि एका दुपारी फोन केला. मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तके लावत होते. त्याचे बोलणे नीट, आदबीचे होते. काम फार सुंदर केले आहे म्हणाला. बारावे गाव आणि राहिलेल्या दुरुस्त्या मिळून दहा महिने लागतील.

"पैशांचं असं आहे ताई," तो म्हणाला, "आधीचे सर होते त्यांना महिन्याला काय देत होता? मी त्याच्या आसपास बघतो."

"काही नाही," मी म्हटले.

"म्हणजे भागीदार होते?"

"भाऊ होता."

"हो, ते ठाऊक आहे ताई. पण बजेटमध्ये त्यांचं काय धरलं होतं?"

मी हातातले पुस्तक फळीवर लावले. त्याला वाटले फोन कटला. हॅलो, हॅलो म्हणाला. मग त्यानेच आकडा सांगितला. महिन्याला पंचेचाळीस हजार, आणि हे मी कमी करून सांगतोय, तुमची परिस्थिती बघून.

त्या संध्याकाळी मी पुसलेला रकाना परत आखला. पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत, एकेचाळीस महिने, प्रत्येकात पंचेचाळीस हजार भरले. शिल्लक पहिल्याच महिन्यात गेली. नंतर कुठल्याच महिन्यात ती नव्हती. आमचा खेळ एक दिवसही स्वतःच्या पायावर उभा नव्हता. ज्याला मी शिल्लक म्हणत होते ती त्याची मजुरी होती. आणि ती मी त्याच्याच गावासाठी राखून ठेवत होते.

बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. शिक्षकाची सवय, बेरीज तोंडी करून पाहिली. मग म्हणाले, "बराबर हाय." पत्रक माझ्याकडे परत दिले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

माझ्याजवळ उरलेल्या पैशांत नागपूरचा माणूस जेमतेम सहा महिने राहिला असता. पुढचे चार महिने माझ्या पगारातून द्यावे असा विचार मी तीन आठवडे केला. मग लक्षात आले, की मी पुन्हा तेच करते आहे. ह्या वेळी घरचा माणूस मी.

मी लोकांना पत्र लिहिले. इंग्रजी करायला त्या भाषांतरवाल्या बाईंनाच दिले, नेहमीच्या दराने. त्यात लिहिले, की बारावे गाव होणार नाही. ज्यांना वाटते त्यांनी पैसे परत मागावेत. सोबत पूर्ण पत्रक जोडले, नव्या रकान्यासह. त्या रकान्याला काय नाव द्यावे ते बाईंनी विचारले. घरची मजुरी हे त्यांना इंग्रजीत नीट करता येईना. मी म्हटले, त्याच्या कामाचे पैसे, असे साधे लिहा.

काहींनी पैसे परत मागितले, त्यांचे दिले. एकाने रागाने लिहिले, की आपण मेलेल्या माणसाच्या नावावर फसवले गेलो. त्यालाही दिले. दर महिन्याला पैसे देणाऱ्यांचे येणे मी बंद केले. संकेतस्थळावर त्यासाठी एक बटण असते. ते दाबल्यावर, तुमची खात्री आहे का, असे दोनदा विचारतात.

नागपूरच्या प्रोग्रामरला मी फक्त एका दिवसाचे काम दिले. बारावे गाव भावाने जिथे सोडले होते तसेच ते उघडे करायचे, म्हणजे खेळणाऱ्याला तिथे जाता येईल. घरे नाहीत, माणसे नाहीत. पांढरट मातीचा रस्ता, एक निंब, आणि त्याच्या पलीकडे बाबांचा आवाज जोडायला ठेवलेली एक जागा. तो आवाज फाइलींत पडून होता, तेवढा तिथे जोडायचा. प्रोग्रामर पैसे घेणार नाही म्हणत होता. एका दिवसाचे तर आहे ताई, राहू द्या. मी घ्यायला लावले, आणि पावती मागून घेतली.

बाबांना मी संगणकासमोर बसवले. बाण कसे दाबायचे ते दाखवले. पडद्यावरचा पाणाड्या फांदी धरून आमच्या गावाच्या रिकाम्या रस्त्याने चालू लागला. निंबापाशी गेल्यावर बाबांचाच आवाज आला. तीन वर्षांपूर्वीचा, जोरकस. "खाली पानी हाय. पन तुले लागन का, थे मले काय माईत?"

बाबांनी हात बाणावरून उचलला नाही.

"हे ज्यानं लावून देल्लं, त्याले पैशे देल्ले ना?" त्यांनी विचारले.

"दिले, बाबा."

"अन् आपल्या पोराले?"

बाबा पाणाड्याला निंबाभोवती फिरवत राहिले, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या. फांदी कुठेच थरथरली नाही. त्या गावाखाली भावाने अजून पाणी टाकलेच नव्हते. हे बाबांना सांगावे असे मला वाटले, पण ते इतके लक्ष देऊन शोधत होते, की मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून नुसती बसले.