क्रमांक सातचं हेलिकॉप्टर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं धंदा केला त्या कॅप्टनना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण रविवार चार दिवसांवर आलाय. रविवारचं पुढं येईलच. आधी मला जरा धीर येऊ द्या.

माझा धंदा विमानांचा आहे. हसू नका. विमानं माझी नाहीत. माझी आहे ती वेबसाइट. कुणाला विमान विकायचंय, कुणाला घ्यायचंय, कुणाला चार तासांपुरतं भाड्यानं हवंय — त्यांची आम्ही गाठ घालून देतो. वधूवर सूचक मंडळच म्हणा ना. पत्रिकाही बघतात इथं, फक्त तिला लॉगबुक म्हणतात.

आमच्याकडं एक नियम आहे. ज्या यंत्राला आमच्या माणसानं स्वतः जाऊन हात लावलेला नाही, ते साइटवर चढत नाही. या नियमाचं फार कौतुक होतं. मला भाषणांना बोलावतात, विचारतात, मॅडम, हे सुचलं कसं? मी म्हणते, आमच्या कॅप्टनची शिस्त. टाळ्या पडतात. आणि त्या टाळ्यांत मला दर वेळी एक माणूस दिसतो — फेटा बांधलेला, हातात माइक धरून उभा. त्याच्यापाशीच यायचंय मला. पण बघा, अजून मी भाषणातच रमलेय.

बरं. नीट सांगते.

दोन हजार साल उजाडताना जगातले कॉम्प्युटर बिघडणार म्हणून पुण्यात अमेरिकेच्या कामाचा पूर आला होता. त्या पुरात मीही पोहत होते. साल उजाडलं, कुणाचं काही बिघडलं नाही, आणि पुढं काम आटलं तसं कंपनीनं मला घरी बसवलं. आमच्या वरच्या मजल्यावर कॅप्टन परांजपे राहायचे, निवृत्त वैमानिक. जिन्यात भेटले की पहिला प्रश्न, 'काय, आज पण घरीच?' त्यांनीच एकदा सांगितलं की मुंबईत हँगरांमध्ये विमानं नुसती धूळ खात पडलेली असतात आणि ज्याला हवंय त्याला पत्ता लागत नाही. सगळा कारभार ओळखीपाळखीवर. मी म्हटलं, मग बाजार मांडू या की. बुधवार पेठेत रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर एक खोली घेतली, आणि मांडला.

बाजार मांडला — आणि माल नाही. विमानवाले म्हणायचे, तुमच्याकडं गिऱ्हाईक कुठंय? गिऱ्हाईक म्हणायचं, तुमच्याकडं विमान कुठंय? चार महिने हे असंच. रिकाम्या दुकानात माशीसुद्धा फिरकत नाही. मग मी काय केलं? मी दुकान भरलं. परदेशी माहितीपत्रकांतले फोटो स्कॅन केले, खाली मनानंच वर्णनं लिहिली आणि पुढं एक शब्द टाकला — 'उपलब्ध'. एकेचाळीस यंत्रं. त्यातली खरी तीन. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! कॅप्टनना वाटलं, मालक स्वतःहून माहिती पाठवताहेत. एकदा मात्र चष्म्यावरून बघत म्हणाले होते, 'अहो, नुसते फोटो उडत नसतात.' मी हसले. तुम्हीही हसला असतात.

खोटं बोलायचा बेत नव्हता हो — नाही, हे खोडते. बेत होताच. बेत असा होता की कुणी विचारलं की तसलंच खरं यंत्र मुंबईहून मिळवायचं आणि वेळ मारून न्यायची. दोनदा तसं जमलंही. जमलं म्हणून पुढचं झालं.

त्या खोट्या यादीतला क्रमांक सात. पाच आसनांचं हेलिकॉप्टर, पांढरं, निळा पट्टा. उपलब्ध — पुणे. या पानाची रंगीत छापील प्रत घेऊन मांजरी गावचे बबनआप्पा एका सकाळी आमचा जिना चढून आले. हडपसरच्या इंटरनेट कॅफेत पुतण्यानं काढून दिली होती. त्या वर्षांत तिकडच्या उसाच्या रानांना सोन्याचा भाव आला होता. आप्पांनीही थोडं रान विकलं होतं. पण ते मिरवायला आले नव्हते. त्यांची मनीषा लहान असताना लोहगावला उतरणारी विमानं बघत बांधावर उभी राहायची, आणि हे तिला चिडवायचे, तुला सासरला विमानानंच धाडतो. पंधरा वर्षं चिडवलं. आता लग्न ठरलं होतं, आणि पोरगी काही मागत नव्हती. 'ती मागत न्हाय म्हनून तर द्यायचंय,' म्हणाले. सासर शिरूरच्या पुढं. पाठवणीला हेलिकॉप्टर हवं होतं, बास.

मी मुंबईत एकाशी बोलून ठेवलं. तो हो म्हणाला. आप्पांकडून अर्ज भरून घेतला — उतरायची जागा, गाव, गट नंबर, सही. हळूहळू, जपून लिहीत होते. त्यांच्या मूळ गटाचे वाटणीत आणि विक्रीत पोटहिस्से पडले होते, म्हणून नंबर दोनदा पुटपुटून मग लिहिला. तो नंबर मला आजही पाठ आहे.

मग निवडणुका लागल्या. देशातली झाडून सगळी हेलिकॉप्टरं पुढाऱ्यांनी उचलली. लग्नाला आठ दिवस असताना मुंबईवाल्यानं कळवलं, जमणार नाही.

आठ दिवस! एवढ्यात काय काय करता आलं असतं? एक फोन करता आला असता. आप्पा, नाही मिळत, माझं चुकलं — इतकंच. दोन-चार वाक्यं. मी नाशिकला फोन केला, बंगळूरला केला, देव पाण्यात घालून बसले. पण मांजरीला फोन केला नाही. उलट त्यांचाच रोज यायचा. ताई, ऊस तुटून गेला, रान मोकळं केलं. ताई, पाणी मारून धूळ बसवलीय. ताई, उतरायच्या जागंवर चुन्यानं मोठा एच काढलाय, वरनं दिसंल ना? मी म्हणत होते, दिसेल. काय म्हणावं मला?

लग्नाच्या दिवशी स्कूटरवरून मांजरीला गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, शपथेवर सांगते — पण शपथेला आता काय अर्थ? लग्न लागलं होतं, जेवणं उरकत आली होती. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळी रानाच्या कडेनं उभी राहून आभाळाकडं बघत होती. मधोमध तो पांढराशुभ्र एच, अगदी सरळ रेघांचा. दोरी लावून काढला होता त्यांनी.

आप्पा धावत आले. माझं तोंड बघून त्यांना कळलं. आणि मग ते म्हणाले — हे नीट ऐका — ते म्हणाले, 'काय झालं ताई? कागदाचं माझं काय ऱ्हायलं का?'

मला कुणी ढकललं नव्हतं. त्यांनी स्वतःवर संशय घेतला, भोळेपणानं, आणि मी तो उचलला. मी म्हटलं, हो. गट नंबर चुकलाय तुमचा. परवानगी नाकारली.

एवढंच. इतक्या वर्षांत जे सांगितलं नाही ते हे एवढंच आहे. पण संपलं नाही ते. आप्पांनी मला दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. ते मांडवात गेले, माइक घेतला आणि चारशे माणसांसमोर हात जोडले. म्हणाले, माझ्याकडनं गट नंबर चुकला, मंडळी, माफी करा. कुणीतरी मागून ओरडलं, 'आप्पा, सोताच्या रानाचा नंबर ठावं न्हाय व्हय?' हशा पिकला. मग ते मनीषाकडं वळले आणि तिलाही तेच म्हणाले, माइक खाली ठेवून. मी पाच हातांवर उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

ती पोरगी मात्र भारी. तिनं शालू सावरला, दारातल्या ट्रॅक्टरवर चढून बसली आणि म्हणाली, 'आप्पा, ह्यो बी उंचच हाय की!' तशीच गेली सासरी, वेशीपर्यंत ट्रॅक्टर आणि पुढं जीप. लोक टाळ्या वाजवत होते. मी स्कूटर घेऊन निघाले ती हडपसरच्या पुलापाशी थांबले आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. स्वतःसाठीच रडले असणार, दुसऱ्या कुणासाठी रडायचा हक्क नव्हता.

आगाऊ घेतलेले पैसे परत केले, तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी साइटवरच्या अडतीस नोंदी पुसल्या. उरली तीन यंत्रं. कॅप्टननी विचारलं, हे काय? मी म्हटलं, आजपासून हात लावल्याशिवाय नोंद नाही. ते म्हणाले, 'उशिरा का होईना, शहाण्या झालात.' आणि गंमत बघा, त्या तीन यंत्रांवरच धंदा उभा राहिला. आमच्याकडं 'उपलब्ध' म्हणजे उपलब्ध, अशी ख्याती झाली. आज आमच्या ऑफिसातली मुलं-मुली देशभर हिंडून विमानांना हात लावून येतात; त्यातल्या एकीनं परवा एक रुग्णविमान पहाटे जाऊन तपासलं आणि दुपारी त्यातून एक बाळ चेन्नईला पोचलं. हे चांगलं काम आहे, मला त्याचा आनंद आहे. पण त्याचा पाया त्या चुन्याच्या एचवर आहे, आणि ते फक्त मला ठाऊक. कॅप्टन दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना सांगायचं राहून गेलं ते राहिलंच.

आणि गेल्या मंगळवारी आप्पा आले.

आता पंचाहत्तरी गाठलीय त्यांनी. ऑफिस बाणेरला, लिफ्ट आहे, तरी जिन्यानंच आले. काखोटीला प्लास्टिकची फाइल. मनीषा माहेरपणाला आलीय, दोन मुलं घेऊन. 'तिची पाठवणी ऱ्हायलीय,' म्हणाले. एच काढला होता ते नदीकडचं रान अजून आहे त्यांच्याकडं. लोक म्हणतात, पूररेषेत आहे म्हणून बिल्डरनं घेतलं नाही. आप्पा म्हणतात, मी राखलं.

फाइल उघडून एकेक कागद माझ्या टेबलावर लावत गेले. ताजा सातबारा, तीन प्रती. मोजणीचा नकाशा, शिक्क्यासह. तलाठ्याचा दाखला. आणि तळाला, घड्या पडून विरलेली, त्या जुन्या अर्जाची त्यांची प्रत. गट नंबराभोवती लाल पेनानं गोल. म्हणाले, तीन तलाठी बदलले, तिघांनाही दाखवला; तिघंही म्हणतात, नंबर बरोबर हाय. 'पन तुमच्या हापिसात चुकला म्हनले, म्हंजी माझंच वाचन्यात कायतरी चुकत असंल.' गावात अजून त्यांना गटनंबर म्हणतात, हेही हसत हसत सांगितलं. मग कागद सारखे केले, माझ्याकडं सरकवले आणि म्हणाले, 'ताई, ह्या बारीला माझ्याकडनं चूक व्हायची न्हाय.'

तेव्हाही मी काय केलं? चहा मागवला.

पण त्या दिवसापासून मला एक नवल वाटतंय — भीती कमी झालीय. वीस वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते आता बाहेर यायला निघालंय, थांबवलं तरी थांबणार नाही. परवा जुहूच्या विमानतळावर स्वतः गेले. पाच आसनांचं, पांढरं, निळा पट्टा. मुद्दाम तसलंच शोधलं. उन्हानं पत्रा तापला होता, तरी तळवा चांगला टेकवून उभी राहिले. कागद तपासले. काल नदीकाठचं रान पाहून आले. तारा नाहीत, झाडं लांब आहेत. परवानगी हातात आहे. आप्पांनी दोरी लावायला घेतलीच होती.

त्यांना आधी एकट्याला गाठून सांगावं, असंही मनात आलं. पण मी त्यांना ओळखते. ते म्हणतील, जाऊ द्या ताई, झालं गेलं, कुनाला सांगू नगा. आणि पुन्हा मला झाकतील. माफीही मागणार नाही मी. मागितली की ते देणार, विचारही न करता. ते ओझं त्यांच्यावर कशाला? ऐकून त्यांनी उडायचं नाही म्हटलं, तर तेही त्यांचं खरं.

रविवारी सकाळी नऊला हेलिकॉप्टर उतरेल. पंखा फिरायला लागला की कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून त्याआधीच, साडेआठला, मी माइक मागून घेणार आहे. गाव जमलेलं असेल. माझ्यासमोर चुन्याचा एच असेल, आणि मनीषा, तिची पोरं, आप्पा. मोठ्यानं म्हणायचंय, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं: आप्पांचा गट नंबर बरोबर होता. हेलिकॉप्टरच नव्हतं.