माझ्याच अक्षरातलं ‘तक्रार नाही’

“काठी बाजूला ठेवा. चालून दाखवा.”

महिन्याची सभा होती. आम्ही साठेक बायका, गावोगावच्या आशा सेविका, सतरंजीवर बसलेल्या. सिस्टर लोक बाकांवर. तालुक्याचे आरोग्य अधिकारी, म्हणजे साहेब, टेबलामागे खुर्चीत. तालुक्याचं नाव सांगत नाही, साहेबांचंही नाही. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात तालुके कमी नाहीत आणि असे साहेबही कमी नाहीत.

मी काठी भिंतीला टेकवली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं कुठे पडलं ते कळलं नाही. चौथ्याला मी समोरच्या बाईच्या अंगावर गेले. तिचा डबा उलटला. सतरंजीवर पिठलं सांडलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी करोनाच्या वर्षातलं लसीकरणाचं जाड रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. “हे वाचा. मोठ्यानं.”

मी वाचलं. माझंच नाव. वय एकोणचाळीस. दुसरा डोस. शेवटचा रकाना, पंधरा दिवसांनी केलेली विचारपूस. त्यात दोन शब्द. तक्रार नाही.

“अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“मग तक्रार आता आली कुठून?”

माझा अर्ज त्यांनी दोन बोटांत धरला होता. त्यात मी पैसे मागितले नव्हते. माझा आजार लसीनंतर सुरू झाला, त्याची नोंद करा आणि तो कशामुळे झाला ते तपासा, एवढंच लिहिलं होतं.

“तुमच्या लोकांना फुकटाची सवय लागली की हे असले कागद सुरू होतात,” साहेब म्हणाले. “बसा खाली.”

कोणते लोक, ते बोलले नाहीत. आशा म्हणावं तर हॉलभर आशाच होत्या. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरावर निळा झेंडा आहे हे त्या हॉलमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं.

मी बसले. मला राग आला नाही. रडूही आलं नाही. हे खरं आहे म्हणून लिहिते. सांडलेलं पिठलं मी पदरानं पुसत होते आणि मनात काहीच नव्हतं. पाय बधिर होते, आतली बाईही बधिर झाली होती.

आता आधीचं सांगते.

लस आली तेव्हा आमच्या गावात कुणी दंड पुढे करायला तयार नव्हतं. कुणी म्हणे माणूस मरतो, कुणी म्हणे पोरं होत नाहीत. मी दारोदार फिरत होते. दारं लागायची. एकानं कुत्रं सोडलं. शेवटी शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर पहिली सुई मीच घेतली. फोटो काढला. त्याचा फ्लेक्स झाला. मी हसतेय, बाही वर केलेली, खाली ‘मी घेतली, तुम्हीही घ्या’. तो फ्लेक्स दवाखान्याच्या फाटकावर अजून आहे. उन्हानं तोंड पांढरं पडलंय, बाही तेवढी दिसते.

माझ्यामागून गाव आलं. नजमाखाला मात्र येईना. नजमाखाला, म्हणजे नजमामावशी, आमच्या गल्लीच्या टोकाला राहते ती, सुलतानपूरच्या बाजारात बांगड्या विकणारी म्हातारी. तिनं मला दारातच सांगितलं, “मले काही झालं तं कोण पाहीन? सरकार येईन का माह्या खाटंपाशी?”

मी म्हणाले, “खाला, काही झालं तर मी लिहीन. माझी जबान.”

माझ्या जबानीवर ती आली.

नियम असा होता की लस दिल्यावर पंधराव्या दिवशी घरी जाऊन विचारायचं, काही त्रास झाला का, आणि मग शेवटचा रकाना भरायचा. पण पंधराव्या दिवशी दुसरीकडचं सर्वेक्षण लागायचं. वरून फोन यायचा, रिपोर्ट आजच पाठवा. मग सगळ्याच आशा एक करायच्या. लसीच्याच दिवशी संध्याकाळी पाय पसरून बसायचं आणि पुढची तारीख टाकून रकाना भरून मोकळं व्हायचं. पहिल्या ओळीला तक्रार नाही. खाली सगळीकडे तेच. हात सरळ चालायचा. मीही तसंच केलं. गावाच्या नावांपुढे लिहिलं आणि त्याच हातानं माझ्या नावापुढेही.

दुसऱ्या डोसनंतर अकराव्या दिवशी तळव्यांना मुंग्या आल्या.

वाटलं, उन्हातान्हात चालणं आहे, असेल. मग मुंग्या पोटऱ्यांत चढल्या. मग एका सकाळी चूल पेटवून उठायला गेले तर उठताच येईना. नवऱ्यानं पाठीवर घेतलं. ते गवंडीकाम करतात, म्हणून उचलणं जमलं. अकोल्याच्या दवाखान्यात मी तेवीस दिवस होते. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं सांगितलं, नसांना सूज आहे. मी विचारलं, लसीमुळे का? ती म्हणाली, “असेलही, नसेलही. एकट्या तुमच्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून तर कळवायचं असतं. तुमच्या तिकडे नोंद झाली का?”

त्या मुलीचा मला राग नाही. तिनं मला खरं सांगितलं. तेवढं खरं मला नंतर कुणी सांगितलं नाही.

मी चालायला लागले, पण पाय परत आले नाहीत. चप्पल निघून जाते आणि मी तशीच चालत राहते. मागून कुणी हाक मारतं, “ताई, चप्पल राह्यली वो तुमची!” रोज संध्याकाळी नवरा ओसरीवर माझे तळवे मांडीवर घेऊन बघतात. काटा, काच, काय घुसलंय ते. लहान मुलाचे बघावेत तसे. एकदा म्हणाले, “हे पाह्य ना, खिळा हाये. कवाचा घुसला असीन? तुले कळलं बी नाही?” मला कळलं नव्हतं.

आणि घरात पाहुणे आले की मी पाय झाकून बसते. लाज वाटते. ज्या बाईनं गावाला सुई घ्यायला लावली तिचेच हे पाय.

नोंद झाली का, विचारायला मी सिस्टरकडे गेले. ती वाईट नाही. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, “ताई, जाऊ द्या ना. लोक बिथरतीन. उद्या लेकरायच्या लसीले कोणी येनार नाही.” मलाही ते पटलं. पोलिओ, गोवर, धनुर्वात, मी हजार पोरांना मांडीवर धरलंय. गोवरानं गेलेलं माझ्या बहिणीचं पोरगं मी पाहिलंय. लस वाईट असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. म्हणून गप्प बसले. एक डॉक्टर म्हणाला टेन्शन आहे. दुसरा म्हणाला या वयात बायकांना होतं. तिसऱ्यानं कागद न बघताच कॅल्शियम लिहिलं. मी कॅल्शियम खाल्लं.

पण फॉर्म असतो हे मला माहीत होतं. लसीनंतर त्रास झाला की भरायचा फॉर्म. मी तो भरलेला होता. साहेबांच्या बायकोला पहिल्या डोसनंतर दोन दिवस ताप आला होता. सिस्टर सकाळ-संध्याकाळ बंगल्यावर जायची, मी मागून थर्मामीटर घेऊन. व्हरांड्यात उभी राहून मी तो फॉर्म भरला. ताप, अंगदुखी, किती वाजता सुरू, किती वाजता उतरला. त्याच दिवशी तो वर गेला. दोन दिवसांच्या तापाला कागद मिळाला. माझ्या पायांना तीन वर्षं मिळाला नाही.

मग मी धीर करून अर्ज लिहिला. आणि त्या अर्जाचं उत्तर म्हणून मला हॉलमध्ये चालायला लावलं.

सभेनंतर एसटीनं घरी आले. पदराला पिठल्याचा वास. पुढचे कितीतरी दिवस मी काम करत होते, भाकरी थापत होते, पण घरात कुणाशी बोलत नव्हते. मला एकच कळत होतं. साहेबांनी वाचायला लावलं ते खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं. त्यांनी मला माझ्याच हातानं मारलं होतं.

नजमाखालाला कुणीतरी सभेचं सांगितलं. ती आली. दारातल्या दगडावर टेकली. बांगड्यांची टोपली बाजूला ठेवली.

“काऊन वं, ते रजिष्टरात माहं बी नाव हाये?”

“आहे.”

“माह्या नावापुढं काय लिवलं?”

मी खाली बघितलं. “तक्रार नाही.”

“मले तं कोणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “मी आठ दिवस खाटंवर व्हती. हात वर होत नव्हता. मंग बरी झाली, अल्लाची मेहेर. पन विचारलं तं कोणीच नाही. तू बी नाही.”

मी टोपलीतल्या बांगड्यांकडे बघत राहिले.

“तू जबान देल्ती, लिहीन म्हणून. माहं तं लिवलं नाही. आता सोताचं बी लिवत नाही?”

ती ओरडली नाही. भाव केल्यासारखं साधं बोलली. टोपली उचलली आणि गेली. आणि मी, जिला हॉलमध्ये रडू आलं नव्हतं, ती दारात बसून ढसाढसा रडले. लाज वाटली. पायांची नाही. पहिल्यांदा बरोबर गोष्टीची लाज वाटली.

पुढच्या सभेच्या आधी साहेबांनी मला आत बोलावलं. या वेळी बसायला स्टूल दिलं. तेव्हाच समजले, काहीतरी हवंय. टेबलावर टाईप केलेला कागद होता. माझ्या आजाराचा लसीशी संबंध नाही, माझी कोणतीही तक्रार नाही, अर्ज मागे घेत आहे. खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

“सही करा. तुम्हाला फिरायचं काम देणार नाही. इथंच बसून नोंदी करा. महिला दिनाला सत्कारही करू. पहिली लस घेणारी आशा म्हणून.”

सिस्टर दाराशी उभी होती. तिनं मान हलवली, कर म्हणून.

मी म्हणाले, “साहेब, ते रजिस्टर द्या.”

त्यांना वाटलं मी मानलं. त्यांनी दिलं. मी पान काढलं. पेन घेतलं. माझ्या नावापुढच्या दोन शब्दांवर आडवी रेघ ओढली. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, अकराव्या दिवसापासून दोन्ही पाय बधिर. आजची तारीख टाकली. सही केली. मग नजमाखालाची ओळ काढली. तिथेही तसंच केलं. आठ दिवस आजारी, हात वर होत नव्हता, आज विचारून लिहिलं.

“काय करताय! सरकारी रेकॉर्ड आहे ते!”

“चुकलं तर एकच रेघ आणि बाजूला सही. ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवलं.”

“म्हणजे आधीची नोंद खोटी होती? कळतंय का काय बोलताय? काढून टाकीन.”

“खोटी होती. न विचारता भरली होती. सगळ्या गावाची. मी लिहून देते तसं. काढायचं तर काढा. पण आधी फॉर्म भरून घ्या.”

“कसला फॉर्म?”

“तुमच्या बंगल्यावर तापाचा भरला होता तो. मीच भरला होता साहेब. कोरे कुठल्या कपाटात असतात तेही मला माहीत आहे.”

सिस्टर खाली बघत होती. मग तीच कपाटाशी गेली आणि फॉर्म घेऊन आली. मी तिथेच बसून भरला. साहेबांनी घेतला नाही. पोच दिली नाही. टाईप केलेला कागद मी तसाच ठेवला, सही न करता. दुसऱ्या दिवशी मोठ्या पोस्टात जाऊन फॉर्म आणि माझा खोटेपणाचा कबुलीजबाब, दोन्ही रजिस्टर्ड पोस्टानं जिल्ह्याला पाठवले.

उत्तर आलेलं नाही. कारणे दाखवा नोटीस मात्र आठवड्यात आली. सरकारची गती कुणी मंद म्हणू नये.

मी आता गावात रोज दोन घरं करते. त्या वर्षातली सगळी नावं. दारात बसते आणि विचारते, लसीनंतर काय झालं होतं? बहुतेक म्हणतात, काहीच नाही वो ताई, एक दिवस अंग दुखलं. तेही लिहिते. ज्याला काही झालं नाही त्याचंही विचारूनच लिहिते. माझ्या पायांना काय झालं ते मला कळत नाही, ते मोठ्या शिकलेल्या लोकांनी शोधायचंय. पण शोधायला त्यांच्यापुढे खरं असायला हवं, आणि ते आमच्या हातून जातं. माझ्या हातून खोटं गेलं. आता जाणार नाही. मंगळवारी पोरांची लस असते, तिथेही मी असते. सुई होते, पोरगं रडतं, थांबतं. रकाना कोराच ठेवते. नेमलेला दिवस आला की त्याच्या घरी जाऊन विचारते आणि मग भरते.

दर महिन्याच्या एक तारखेला मी एक अर्ज पाठवते. नोंद करा, तपासा, काय निघालं ते मला सांगा. लसीमुळे नाही असं निघालं तरी सांगा. मी ऐकून घेईन. पण न तपासता कुणी सांगितलं तर ऐकणार नाही.

परवा सभा आहे. काठी घेऊन जाणार. बाजूला ठेवा म्हणाले तर ठेवणार नाही.